दंडावरचा शुगर सेन्सर : चौदा दिवस, साडेतीन स्टार

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, बाजारात असे दोन-तीन मिळतात आणि सगळ्यांचं काम साधारण एकच, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या प्रकारच्या वस्तूचा समजा. पांढरं गोल बटण, जुन्या जाड्या पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचं, चौदा दिवस तसंच ठेवायचं, आणि ते दर काही मिनिटांनी शुगर मोजून मोबाईलवर आलेख काढत बसतं. मला पाच हजाराच्या आत-बाहेर पडलं. एकदा वापरलं की संपलं, फेकून द्यायचं, हे आईला अजून पटलेलं नाही.

घ्यायचं कारण म्हणजे ऑफिसचं हेल्थ चेकअप. उपाशीपोटी ११२, तीन महिन्यांची सरासरीवाली टेस्ट ६.१. डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस, म्हणजे अजून दारात आहे, घरात शिरलेला नाही. आता माझं वजन ६३ किलो, उंची पाच सात, त्यामुळे ज्याला सांगावं तो म्हणतो तुला कसली आलीये शुगर. त्यांच्यासाठी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. तर असं आहे, आपण बाहेरून काटकुळे आणि आतून तुपाचा डबा. आईला वीस वर्षं शुगर आहे, म्हणजे माझं तिकीट तसंही कन्फर्मच होतं.

लावायला सोपं आहे. यूट्यूबवर बघून मीच लावला, स्प्रिंगचा टक् असा आवाज येतो, मी डोळे मिटून दात आवळून तयार आणि दुखलं काहीच नाही. आत केसासारखी बारीक तार जाते, अर्धा सेंटीमीटर वगैरे, आणि ती रक्तात जात नाही हे आधी समजून घ्या नाहीतर माझ्यासारखं पहिल्याच दिवशी मेडिकलवाल्याशी भांडायला जाल. ती तार पेशींच्या मधल्या पाण्यातली साखर मोजते. रक्तातली साखर तिथे झिरपायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे स्क्रीनवर जो आकडा दिसतोय तो मघाचा आहे. शुगर झपाट्याने चढत किंवा उतरत असेल तेव्हा हा प्रकार म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. शिवाय पहिला दिवसभर तो जरा भरकटलेलाच असतो, माझ्याकडे सेन्सर १३१ आणि बोट टोचून १०९. दुसऱ्या दिवसापासून सात-आठ पॉईंटच्या फरकात आला, तेवढं चालतं.

मी लावला रविवारी अकरा वाजता, आणि दुसऱ्या दिवशी संकष्टी. आता मार्च एंड, मी अकाउंट्सला, सकाळी घाईत साबुदाण्याची खिचडी खाऊन पळालो. उपवास म्हणजे पोटाला आराम अशी माझी आपली समजूत. पाऊण तासाने चिंचवडच्या सिग्नलला मोबाईल बघतो तर १८७. जेवणानंतर दोन तासांनी १४० च्या आत हवी हे पाठ होतं त्यामुळे घाम फुटला, पण खरी गंमत पुढे, अडीच तासांनी तीच शुगर ८१ आणि मला अशी भूक लागली की कँटीनमध्ये जाऊन उपवास मोडून आलो. बाप्पा माफ कर.

हे असं का होतं ते संध्याकाळी डॉक्टरांना विचारलं (ते आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, लिफ्टमध्ये पकडतो मी त्यांना, बिचारे). म्हणाले, स्वादुपिंडात बीटा पेशी असतात, त्या इन्सुलिन बनवतात, आणि धडधाकट माणसात जेवण सुरू झाल्यावर काही मिनिटांतच त्या तयार असलेलं इन्सुलिन एकदम सोडतात, पहिला हप्ता. प्रीडायबेटिसमध्ये हा पहिला हप्ताच मार खातो. साखर चढत राहते, मग बीटा पेशींना जाग येते, उशीर झाला म्हणून त्या जास्तीचं ओततात, आणि मग शुगर धाडकन खाली. तीच ती अकरा वाजताची भूक. मी वीस वर्षं समजत होतो की ऑफिसात कंटाळा आला की मला भूक लागते.

खाण्याचा असा हिशोब मांडायलाच मी हे घेतलं होतं, कशाने किती वाढते ते लिहून ठेवायचं आणि ते ते बंद करायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो सगळा प्लॅन कोलमडला. रात्री आठला जेवलो, भाकरी आणि मेथीची भाजी, मग काही नाही. पहाटे तीनला आलेख सांगतोय ९३. साडेसहाला उठलो तर ११९. मधे मी झोपलेला! पाणीसुद्धा प्यायलो नाही. मला वाटलं वस्तूच डिफेक्टिव्ह, बिल शोधायला लागलो. आई म्हणाली, "अरे, माझी पण सकाळचीच जास्त येते नेहमी, तुझे वडील मला म्हणायचे तू रात्री उठून डब्यातला लाडू खातेस." बिचारीने किती वर्षं ऐकून घेतलं असेल ते.

लाडू आई खात नव्हती, लाडू वाटत होतं ते लिव्हर. पहाटे शरीराला उठवायची तयारी म्हणून ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉल वाढतात, आणि ते लिव्हरला सांगतात की माल बाहेर काढ, मालक उठतोय. लिव्हरमध्ये साधारण शंभर ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात रचून ठेवलेली असते, शिवाय ते नवीनही बनवतं. ज्याचं इन्सुलिन नीट चालतं त्याच्याकडे थोडं इन्सुलिन वाढून हिशोब बरोबर राहतो, माझ्याकडे राहत नाही. आणि इथे मला ती प्रत्येक दवाखान्याच्या पोस्टरवरची कुलूप-किल्लीची उपमा खटकायला लागली. इन्सुलिन म्हणजे किल्ली, पेशीचं दार उघडते, साखर आत. खोटं नाही, पण अर्धं आहे. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी जातं लिव्हरकडे, जवळपास निम्मं तिथेच संपतं, आणि तिथे त्याचं काम दार उघडायचं नाहीच, "बास कर, वाढू नकोस" असं सांगायचं आहे. आग्रह करून वाढणाऱ्या मावशीला कुणीतरी थांबवावं लागतं ना, तसं. मावशीला ऐकू कमी यायला लागलं की काय होतं ते माझ्या सकाळच्या आलेखात दिसतं.

आणि मावशीला उलटं "वाढ, वाढ" सांगणारा पण असतो, ग्लुकॅगॉन. तो त्याच स्वादुपिंडात, पेशींच्या त्याच बारक्या बेटांमध्ये, इन्सुलिनच्या शेजारच्याच घरात बनतो, अल्फा पेशींमध्ये. ही बेटं १८६९ साली पॉल लँगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहिताना पाहिली, ती कशासाठी आहेत हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं, नाव मात्र त्याचंच लागलं. इन्सुलिन १९२१ मध्ये टोरँटोत सापडलं, ग्लुकॅगॉनचं बारसं १९२३ ला, पण आपल्याकडे विचारा कुणालाही, इन्सुलिन सगळ्यांना माहीत, ग्लुकॅगॉन कुणाला नाही. सख्खे शेजारी, एकाला पद्मश्री आणि दुसऱ्याला सोसायटीची नोटीससुद्धा नाही.

एक आकडा मला फारच आवडला म्हणून लिहितो. शुगर १०० असताना अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती? पाच लिटर रक्त धरा, पाच ग्रॅम. एक चमचा! आणि एक प्लेट पोह्यांतून आत येते पन्नासेक ग्रॅम, एकटा मेंदू दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खातो. म्हणजे एवढी आवक-जावक चालू असताना गल्ल्यात कायम एकच चमचा ठेवायचा. अकाउंट्समधला माणूस म्हणून सांगतो, इतकी टाईट कॅश पोझिशन मी कुठल्या कंपनीत बघितली नाही.

आता तक्रारीचा भाग. पाचव्या रात्री पावणेतीनला मोबाईल असा बोंबलायला लागला की खालचं कुत्रं जागं झालं. बायको हलवतेय, "अहो उठा, तुमचा दंड वाजतोय!" बघतो तर ५८, लाल अक्षरात. तिने दिव्याच्या उजेडात साखरेचं पाणी केलं, पार्ले-जी आणला, आई देवघरातून अंगारा घेऊन आली, आणि मी पलंगावर बसून स्वतःला विचारतोय की मला काही होतंय का, तर काहीच होत नव्हतं. हात थरथरत नव्हते, घाम नाही, छातीत धडधड होती ती फक्त कुत्र्यामुळे. बोट टोचलं, ९४. काय झालेलं, मी त्या कुशीवर झोपलो होतो, सेन्सर दाबला गेला, तिथलं पाणी दबलं आणि त्याला वाटलं साखर संपली. हे या सेन्सरांचं जुनं दुखणं आहे असं नंतर कळलं, पण खोक्यावरच्या माहितीत मला ते कुठे ठळक दिसलं नाही. अर्धा स्टार इथे कापला. साखरेचं पाणी प्यायलोच म्हणून मग ती १५० वर गेली ते वेगळंच.

खरी ५८ असती तर शरीराने अलार्मची वाट बघितलीच नसती. शुगर ८०-८५ च्या खाली सरकली की आधी इन्सुलिन सोडणं कमी होतं, ६५-७० च्या आसपास ग्लुकॅगॉन आणि अ‍ॅड्रेनलिन मैदानात उतरतात, मागून कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन. हात थरथरणं, घाम, धडधड हे त्या अ‍ॅड्रेनलिनचेच उद्योग. बघा, वाढलेली साखर खाली आणायला एकटं इन्सुलिन, आणि पडलेली वर काढायला चार-चार जण. आपलं शरीर उपासमारीला घाबरून तयार झालंय, श्रीखंडाला घाबरून नाही. मात्र जे टाईप वनचे आहेत, इन्सुलिनची इंजेक्शनं घेतात, त्यांच्यात काही वर्षांनी ग्लुकॅगॉनची ही हाकच बंद पडते, काहींना धडधडसुद्धा कळेनाशी होते, त्यांच्यासाठी हा बोंबलणारा मोबाईल खरोखर जीव वाचवणारा आहे. माझ्यासारख्याची ती हौस आहे आणि त्यांची गरज, म्हणून माझे स्टार बघून त्यांनी ठरवू नये.

अ‍ॅड्रेनलिनचं दर्शन मला दोनदा झालं. एकदा नाशिक फाट्याला एक टेम्पो असा आडवा आला की माझा ब्रेक आणि श्वास एकदमच लागले. घरी येऊन बघितलं, त्या वेळी १०४ वरून १२८. काही खाल्लेलं नाही, फक्त शिव्या दिलेल्या. दुसऱ्यांदा शनिवारी बॅडमिंटनला. मला वाटलेलं खेळताना शुगर उतरेल, तर डबल्सच्या तिसऱ्या गेमला १०१ ची १४६! जोरात पळायचं म्हटलं की अ‍ॅड्रेनलिन लिव्हरला कोठार उघडायला लावतं, स्नायूंना इंधन हवं म्हणून. तासाभराने ८८ वर आली कारण स्नायू काम करताना इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात. स्नायूंकडे स्वतःचा साठा लिव्हरपेक्षा कितीतरी मोठा असतो, पण तो रक्तात परत सोडायचं एन्झाइमच त्यांच्याकडे नाही. सोसायटीत एक असतोच बघा, स्वतःचं पार्किंग रिकामं असलं तरी पाहुण्याला देणार नाही, तसे.

जेवून लगेच वीस मिनिटं चाललो तर मात्र आलेख असा गुळगुळीत की बघत राहावं. ही या पाच हजारातली सगळ्यात वसूल गोष्ट. दुसरी म्हणजे जेवणाचा क्रम. दोन पोळ्या, भात, वरण, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर. सोमवारी नेहमीसारखं खाल्लं, १७१. बुधवारी तेच सगळं, तेवढंच, फक्त आधी कोशिंबीर आणि उसळ संपवली, पोळी-भात शेवटी, १४२. एका माणसाचा एकदाचा प्रयोग आहे, याला शास्त्र म्हणू नका, पण यामागचं शास्त्र आहे. आतड्याला अन्न लागलं की तिथून जीएलपी-१ सारखे हार्मोन सुटतात, ते स्वादुपिंडाला आधीच निरोप देतात की माल येतोय, ग्लुकॅगॉनला दाबतात आणि पोट हळू रिकामं करायला लावतात. म्हणूनच तेवढीच साखर सलाइनमधून दिली तर इन्सुलिन कमी सुटतं आणि तोंडाने खाल्ली तर जास्त. हा जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटंच टिकतो, मग एक एन्झाइम त्याला कापून टाकतं. वजन कमी करायची जी इंजेक्शनं हल्ली सगळीकडे गाजतायत त्यातली बरीचशी याच हार्मोनची जास्त वेळ टिकणारी भावंडं, आणि या भावंडांतलं पहिलं औषध, २००५ चं, शुगरसाठीचं, सापडलं ते अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी पालीच्या लाळेतून. हे मी जेवताना सांगितलं आणि मुलीने ताट सरकवलं.

अठ्ठावीस तारखेला ऑफिसात रात्री दोनपर्यंत बसलो, चार तास झोप, सकाळी नेहमीचे पोहे. नेहमी १५० च्या घरात जाणारी १७८. पोहे तेच, शेंगदाणे तेवढेच. झोप मोडली की इन्सुलिनचं ऐकणं कमी होतं, कॉर्टिसॉल वर राहतं. तेव्हा आईचं आठवलं, मागे तिच्या गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलेलं आणि पुढे चार दिवस शुगर अडीचशेच्या खाली येईना, आणि आम्ही सगळे तिला काय खाल्लंस काय खाल्लंस करून हैराण करत होतो. स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसॉलचाच भाऊ. कुणी आधी सांगितलं असतं तर म्हातारीला एवढं बोललो नसतो. म्हणून कुणाच्या घरात शुगरचं माणूस असेल तर आकडा वाढलेला दिसल्यावर पहिला प्रश्न "काय खाल्लंस" हा विचारू नका राव, झोप झाली का, ताप आहे का, दुखतंय का, कुणी काही बोललंय का, हेही विचारा.

बाकी बारीकसारीक. घामाने नवव्या दिवशी एक कड सुटली, मेडिकलमधून तीस रुपयांची टेप आणून चिकटवली. शर्ट काढताना जपून, बसमध्ये दांड्याला अडकतो. अंघोळीला काही होत नाही. अ‍ॅपमध्ये मराठी नाही, त्यामुळे आईला एकटीला वापरता येणार नाही, अर्धा स्टार तिथे. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या जास्त घेत असाल तर काही सेन्सर आकडा खोटा वाढवून दाखवतात, माझ्या माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरात होतं. किंमत, अर्धा स्टार. महिन्याला दहा हजार कोण घालणार, वर्षातून एकदा पंधरा दिवस ठीक आहे, बाकी वेळ ग्लुकोमीटर आणि पट्ट्या जिंदाबाद. आणि हो, निर्णय सेन्सर बघून स्वतःचे स्वतः घेऊ नका, गोळ्या चालू असतील तर मुळीच नाही. मला तर दुसऱ्या आठवड्यात दर दहा मिनिटांनी मोबाईल बघायचं व्यसन लागलेलं, बायको म्हणाली एवढं माझ्याकडे बघितलं असतं तर. त्या रात्री आलेखात एक छोटी उंची दिसली, कशाची ते सांगत नाही.

शेवटचा दिवस नेमका पाडवा. सकाळी गुढी उभारली, कडुलिंबाची चटणी खाल्ली, आई म्हणाली बघ आता कशी उतरते शुगर, आणि नेमकी त्याच वेळी पहाटेची ती लिव्हरची साखर उतरणीला लागलेली, १२१ ची १०३ झाली. आता तिला काय सांगू. डेअरीतून आणलेला चक्का रात्रभर टांगून बायकोने घरी श्रीखंड केलेलं, केशर-वेलचीचं, सोबत पुऱ्या. अकरा वाजता मोबाईलवर मेसेज आला, तुमचा सेन्सर संपला आहे, नवीन लावा. खोबरेल तेल लावून हळूच काढला, खाली गोल पांढरा डाग राहिलेला. पानं वाढली एक वाजता. मी आधी कोशिंबीर खाल्ली, मग मटकी, आणि मग दोन वाट्या श्रीखंड, आणि आकडा किती गेला ते कुणालाच माहीत नाही.